इंग्रजीतलं आबे-जमजमचं पाणी

तहसील कचेरीसमोर माझं झेरॉक्स आणि टायपिंगचं छोटं दुकान आहे. मोहल्ल्यात कुणाला इंग्रजीत अर्ज लिहायचा असला की तो माझ्याकडे येतो. बावीस वर्षांचा हा शिरस्ता. त्यामुळे गेल्या रमजानमध्ये थोरली लेक शिष्यवृत्तीचा फॉर्म भरायला बसली, तेव्हा तिने न बोलावताच मी शेजारी जाऊन बसलो.

'स्वतःविषयी 300 शब्दांत लिहा' असा एक रकाना होता. एक शब्द जास्त झाला तरी फॉर्म पुढे सरकेना. तिचे शब्द भरले होते 341. "आण इकडे, मी नीट करतो," असं म्हणून मी अर्धा तास खपलो. मग मोजले, तर 358!

"अब्बा, हे तर वाढले," ती हसू दाबत म्हणाली. मग तिने कागदाची प्रत काढली आणि पेन्सिलीने एकेका शब्दाखाली रेघ ओढू लागली. 'पास्ट हिस्टरी'. इतिहास म्हणजे होऊन गेलेलंच, मग 'पास्ट' कशाला? 'फ्यूचर प्लॅन्स'. बेत पुढचेच असतात. 'रिटर्न बॅक'. 'रिटर्न'मध्ये 'बॅक' आलंच. 'एंड रिझल्ट', 'ट्रू फॅक्ट', 'जॉइन टुगेदर', 'ईच अँड एव्हरी'. काही जोड्या तिच्या होत्या, पण बहुतेक माझ्याच.

अशा जोड्यांना मराठीत 'पिवळं पीतांबर' आणि 'गाईचं गोमूत्र' म्हणून हसतात. पण आपल्या घरांत काय कमी आहे? हजहून कुणी आलं की आपण 'आबे-जमजमचं पाणी' मागतो. 'आब' म्हणजे पाणीच. 'शबे-बरातची रात' म्हणतो, 'शब' म्हणजे रात. 'माहे रमजानचा महिना' तर पत्रिकांवरही छापतो. परक्या भाषेतला शब्द तोंडात रुळला, तरी त्याचा अर्थ कानाला ऐकू येत नाही. म्हणून आपण ओळखीचा शब्द मागे जोडतो. 'पिन नंबर' आणि 'एटीएम मशीन' यांचंही तेच. पिनमधला शेवटचा 'एन' नंबरचाच आहे आणि एटीएममधला 'एम' मशीनचा.

बोलण्यात हे खपून जातं, कुणाचं बिघडत नाही. लिहिताना मात्र जागा मोजकी असते आणि वाचणाऱ्याकडे वेळ थोडा.

मी ही सवय उचलली जुन्या टाइप केलेल्या कोर्टाच्या कागदांवरून. 'विल अँड टेस्टामेंट', 'गुड्स अँड चॅटल्स'. तिथे अशा जोड्यांना एक कारण होतं. 1066 मध्ये नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकलं. राज्यकर्त्यांची भाषा फ्रेंच, रयतेची इंग्रजी आणि दस्तऐवजांत लॅटिनही. मग एकाच गोष्टीसाठी दोन भाषांतले शब्द शेजारी शेजारी आले. 'विल' मूळचा इंग्रजी, 'टेस्टामेंट' लॅटिनमधून आलेला. 'गुड्स' इंग्रजी, 'चॅटल्स' फ्रेंच. आपल्या मराठीतही असे जोडीदार आहेत. 'कागदपत्र'मधला कागद फारसीचा, पत्र संस्कृतचं. 'धनदौलत'मधलं धन संस्कृत, दौलत अरबी. 'लाजशरम'मध्ये लाज इथली, शरम फारसी. दोन भाषांची माणसं एका गावात राहिली, त्याची ही खूण. या शब्दांना मी हात लावणार नाही. खरेदीखत आणि मृत्युपत्रातल्या जोड्याही वकिलावरच सोडाव्यात.

पण शिष्यवृत्तीच्या अर्जात 'ईच अँड एव्हरी' लिहून मी कोणता पूल बांधत होतो?

खरं सांगायचं तर त्यामागे भीती होती. आपल्यासारख्यांचं एका शब्दात कोण ऐकणार, म्हणून दोन घालायचे. 'हम्ब्ली अँड रिस्पेक्टफुली', 'काइंडली प्लीज'. शब्द जितके जास्त तितका अर्ज वजनदार, असं मी धरून चाललो होतो. त्याची किंमत एकदा एका विधवा शेजारणीने मोजली. तिच्या पेन्शनसाठी मी पानभर अर्ज लिहून दिला होता. खिडकीवरच्या माणसाने वरच्या दोन परिच्छेदांवर नजर टाकली आणि "बाई, तुम्हाला हवंय काय, ते यात कुठंय?" म्हणून कागद परत केला. मागणी होती, पण चौथ्या परिच्छेदात. तिचा त्या दिवसाचा रोज बुडाला. दुसऱ्या दिवशी पुन्हा आली, तेव्हाही ती मलाच "भाईजान, माफ करा, परत त्रास देते" म्हणाली. तेव्हा मी दोष खिडकीवरच्या माणसाला दिला होता. लेकीच्या पेन्सिलीच्या रेघा बघताना ते सगळं आठवलं.

इतक्यात स्वयंपाकघरातून तिच्या अम्मीने विचारलं, "मग बिस्मिल्लाहमध्ये रहमान आणि रहीम दोन्ही कसे? दोन्हींत रहमच आहे ना?"

प्रश्न बिनतोड होता. दोन्ही शब्द एकाच धातूचे. पण मुफस्सिरांनी त्यांतला फरक सांगितला आहे. रहमानमध्ये सगळ्या सृष्टीला व्यापणारी दया, तर रहीममध्ये ईमानवाल्यांवर खास असलेली दया, असं अनेकांनी म्हटलं आहे. दुसरा शब्द काहीतरी नवं घेऊन येतो. त्या रात्री आम्हाला कसोटी सापडली ती हीच. दुसरा शब्द झाकून वाक्य वाचायचं. अर्थ कमी झाला तर शब्द ठेवायचा, तसाच राहिला तर त्याला निरोप द्यायचा.

हजरत आयशा (रजि.) यांची एक रिवायत बुखारी शरीफमध्ये आहे. प्रेषित (स.) असं बोलत, की कुणाला त्यांचे शब्द मोजायचे असते तर मोजता आले असते. ही गोष्ट मी कितीदा ऐकली होती. पण शब्द खरोखर मोजत बसल्यावर तिची नव्याने आठवण झाली.

सहरीच्या आधी अर्ज 271 शब्दांवर आला. एकही गोष्ट गळली नव्हती. उरलेल्या 29 शब्दांत काय लिहायचं, असं मी विचारलं. ती थोडा वेळ गप्प राहिली आणि मग तिने दोन वाक्यं लिहिली. 2020 च्या लॉकडाऊनमध्ये अब्बांचं दुकान बंद होतं, तेव्हा अम्मी रात्री उशिरापर्यंत फॉल-पिको करायची आणि मी त्याच दिव्याखाली अभ्यास करायचे, एवढंच. सगळ्या अर्जात हीच दोन वाक्यं अशी होती, जी दुसऱ्या कुणाला लिहिता आली नसती. आणि माझ्या 'पास्ट हिस्टरी'ने त्यांची जागा अडवून ठेवली होती.

शिष्यवृत्तीचं काय व्हायचं ते अल्लाहच्या हाती. परवा तीच शेजारीण पुन्हा दुकानात आली, या वेळी रेशनकार्डातल्या नावाच्या दुरुस्तीसाठी. मी मागणी पहिल्याच ओळीत लिहिली. सगळा अर्ज सात ओळींत संपला.

तिने कागद उलटून पाहिला. "एवढाच?" म्हणाली.

"एवढंच हवंय ना तुम्हाला?" मी म्हणालो.