फाळणी, विभाजन की वाटणी?

नव्या लॅपटॉपची एक टीबी क्षमतेची हार्ड डिस्क 'सी' या एकाच नावाखाली अखंड होती. संगणकाने मात्र तिची क्षमता सुमारे 931 जीबी दाखविली. यात लबाडी नाही. उत्पादक हजाराच्या पटीत मोजतो, विंडोज 1024 च्या पटीत. मोजमापाची भाषा बदलली की आकडा बदलतो.

या डिस्कचे दोन भाग करायचे ठरविले, तेव्हा 'पार्टिशन'ला मराठी शब्द कोणता, हा प्रश्न उभा राहिला. 'फाळणी' म्हणताच 1947 आठवते. 'विभाजन' हा राजपत्राचा शब्द. आम्हा आदिलाबादकरांच्या तो चांगलाच परिचयाचा. 1956 च्या राज्यपुनर्रचनेत या जिल्ह्यातील किनवट व राजुरा हे भाग मराठी मुलखात गेले, उरलेला जिल्हा आंध्र प्रदेशात राहिला. पुढे 11 ऑक्टोबर 2016 रोजी त्याचे चार जिल्हे झाले. मला 'वाटणी' हा शब्द पटतो. भावाभावांत वाटणी होते, तेव्हा शेताला बांध पडतो. माती तीच राहते.

डिस्कवरही तसेच घडते. वाटणीची नोंद एका लहानशा तक्त्यात असते. ती नोंद पुसली तरी आतला मजकूर तत्क्षणी नाहीसा होत नाही. त्याच्याकडे जाणारी वाट तेवढी हरवते. पैनगंगेच्या अलीकडील मराठीचे याहून वेगळे काय झाले? ती घराघरांत आहे. कार्यालयीन तक्त्यात तिची नोंद नाही, इतकेच.

कृती सोपी आहे. 'डिस्क मॅनेजमेंट'मध्ये 'सी' आक्रसून घ्यावा व मोकळ्या जागेत नवा भाग निर्माण करावा. मात्र काही फायली जागच्या हलत नाहीत, त्यामुळे हवे तितके आक्रसता येतेच असे नाही. म्हणून हे काम लॅपटॉप नवा असतानाच उरकावे. 'ए' आणि 'बी' ही अक्षरे फ्लॉपीसाठी राखलेली होती. फ्लॉपी गेली, तरी गणती अजून 'सी'पासूनच सुरू होते. वस्तू लोपली तरी तिची खूण भाषेत उरते, ती अशी.

नव्या भागाला मी देवनागरीत 'बोली' असे नाव दिले. विंडोजने ते निमूटपणे स्वीकारले. वृद्धांच्या तोंडून ध्वनिमुद्रित केलेले शेतीचे, नात्यांचे, सणावारांचे शब्द तेथे ठेवले आहेत. त्यांतील काही आवाज आता केवळ तेथेच ऐकू येतात. उद्या विंडोज नव्याने बसवावे लागले आणि केवळ 'सी' पुसला, तर 'बोली' सुरक्षित राहील. पण डिस्कच निकामी झाली, तर दोन्ही वाटे एकदमच जातील. वाटणी म्हणजे जतन नव्हे. म्हणून एक प्रत बाहेरच्या डिस्कवर आणि दुसरी दुसऱ्या गावी ठेवली आहे.

वाचकहो, आपल्या घरच्या आजीचे शब्द कोणत्या डिस्कवर आहेत? कोणत्याच नसतील, तर विलंब करू नका.