सरासरी आणि दादरचा पूल

"लिंक २० टक्केच भरलीये, मग पॅकेट्स गळतात कशी?" हा प्रश्न आमच्या हापिसात महिन्याला एकदा तरी येतोच. गेल्या अप्रेझलला तर ह्याच आलेखाच्या जोरावर गळतीचं खापर टीममधल्या सगळ्यात नव्या पोरावर फुटलं.

तर मंडळी, जरा स्विच चिपचं गणित बघू. ब्रॉडकॉमची २०१४ ची टॉमाहॉक सेकंदाला ३.२ टेराबिट हलवायची, २०२२ ची टॉमाहॉक ५ तब्बल ५१.२. आठ वर्षांत १६ पट! पण पॅकेट्स थांबवून ठेवायची जागा, म्हणजे बफर, १६ एमबीवरून सुमारे १६५ एमबी झाली. जेमतेम दहा पट. भागाकार करा: पूर्ण वेगाने येणारा माल जुनी चिप कागदावर ४० मायक्रोसेकंद सांभाळायची, नवी साधारण २६. वेग वाढला, धीर कमी झाला.

दादरचा पूल आठवा. दिवसाची सरासरी काढली तर ऐसपैस वाटेल, पण दोन गाड्या एकदम आल्या की पाय ठेवायला जागा नाही. डेटा सेंटरमध्येही पन्नास सर्व्हर एकालाच एका दमात उत्तरं पाठवतात. सगळ्यांना बाहेर पडायला पोर्ट एकच. बफर भरला की पुढची पॅकेट्स सरळ टाकून दिली जातात. आमचा आलेख दाखवतो पाच मिनिटांची सरासरी, त्यात हा क्षण दिसणार कुठून?

बफर कुठवर चढला होता ते चिप स्वतः मोजून ठेवते, फक्त कुणी वाचत नाही. असो. सोमवारच्या मीटिंगला मी तो आकडा घेऊन जाणार आहे. त्या पोरालाही सोबत नेतोय.