अब्बांची वही आणि उद्यमनगर

मिरजेहून कोल्हापूरला जाणारी पॅसेंजर आम्ही वर्षानुवर्षे धरत आलो आहोत. जयसिंगपूर, हातकणंगले, रुकडी मागे पडते, पंचगंगेचा पूल येतो आणि उसाच्या फडांपलीकडे शहर दिसू लागते. पन्नास किलोमीटरच्या आतला हा प्रवास. गप्पांत कधी संपतो कळत नाही. या दिवाळीच्या सुट्टीत मात्र डब्यात कोणी फारसे बोलले नाही. आम्ही अब्बांची गाडी विकायला निघालो होतो.

गाडी म्हणजे १९९६ सालची पांढरी मारुती ८००. अब्बांचा इंतकाल होऊन सहा वर्षे झाली. तेव्हापासून ती आपांच्या घराशेजारच्या बोळात ताडपत्रीखाली उभी होती. नोंदणीची मुदत संपलेली, टायर बसलेले. भंगारवाल्याने भावही सांगून ठेवला होता. अडला होता तो एकटा आमचा भाचा. तो मेकॅनिकल डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला आहे. त्याचे म्हणणे होते, "मामू, विकू नका. मी तिचे इंजिन बांधतो आणि ऑटोक्रॉसला उतरवतो."

दुलाभाईंचा संताप आम्हाला समजत होता. दोन विषय राहिलेले आणि मुलाला शर्यत सुचते! त्यातून मोहल्ल्यातली पोरे रात्री बायपासवर गाड्या पळवतात. त्यातला एक चार महिने अंथरुणाला खिळून होता. आपा नुसत्या रडत होत्या. आणखी एक गोष्ट होती. अब्बांची वस्तू म्हणजे सगळ्या वारसांचा हक्क. एकाच्या हट्टासाठी ती देता येत नाही आणि एकाच्या रागासाठी मोडताही येत नाही. सगळ्यांची रजामंदी हवी. म्हणून आम्ही दोघे, नवरा-बायको, दोघेही शिक्षक, सुट्टी काढून आलो होतो.

भाच्याचे वेड आकाशातून पडलेले नाही, हे कोल्हापुरात दोन दिवस फिरले तरी कळते. शहराला मोटारींचे प्रेम जुने आहे. दसऱ्याला छत्रपती घराण्याची जुनी जर्मन मेबॅक गाडी दसरा चौकात येते तेव्हा तिला पाहायला गर्दी लोटते. त्याच चौकात राजर्षी शाहू महाराजांच्या पुढाकाराने १९०६ साली सुरू झालेले मुस्लिम बोर्डिंग आहे. अब्बा तिथेच राहून शिकले. मोहिते रेसिंग अकादमीच्या ट्रॅकवर राष्ट्रीय कार्टिंग स्पर्धेच्या फेऱ्या झाल्या आहेत. इथलाच कृष्णराज महाडिक ब्रिटिश फॉर्म्युला थ्रीच्या शर्यतीत धावला. असे गावात घडत असताना एखाद्या मुलाच्या डोक्यात इंजिन घुमू लागले तर नवल ते काय?

भाचा आम्हाला शिवाजी उद्यमनगरात घेऊन गेला. मिसळ आणि चपलांसाठी कोल्हापूरला येणाऱ्यांनी एकदा इथेही यावे. अरुंद गल्ल्या, दोन्ही बाजूंना लेथ, शेपर, ड्रिलची घरघर, दारात लोखंडी किसाचे ढीग. विहिरीवरचे पाणी खेचायला आणि उसाचा चरक फिरवायला शेतकऱ्याला इंजिन हवे होते, त्या गरजेतून हा उद्योग वाढला. इथल्या ऑइल इंजिनांच्या सुरुवातीच्या कारागिरांत म्हादबा मेस्त्री यांचे नाव आजही आदराने घेतात. तमिळनाडूतल्या कोइमतूरचेही असेच आहे. तेही पंपांचे आणि ओतकामाचे शहर, आणि मारुती ८०० चे इंजिन बसवून फॉर्म्युला मारुती ही शर्यतीची गाडी घडवणारे एस. करिवर्धन तिथलेच. जिथे हाताला लोखंडाची सवय असते तिथे वेगाचे स्वप्नही स्वस्तात पाहता येते.

ज्या उस्तादांच्या शेडमध्ये भाचा काम शिकत होता ते सत्तरीकडे झुकलेले. अंगावर काळपट डगला, कानामागे पेन्सिल. इंजिन लाकडी ठोकळ्यांवर उतरवून ठेवलेले होते. तीन सिलिंडर, ७९६ सीसी. भाच्याने आम्हाला वर्गातल्या मुलांसारखे समजावले. सिलिंडरचा व्यास ६८.५ मिलिमीटर, पिस्टनचा फेरा ७२. गाडी निळा धूर सोडत होती, म्हणजे तेल जळत होते. त्याने कॉम्प्रेशन मोजले, मग सिलिंडरमध्ये चमचाभर तेल सोडून पुन्हा मोजले. काटा वर चढला. तेलाने फट बुजते, म्हणून दोष रिंगांचा. काटा हलला नसता तर व्हॉल्व्हकडे पाहावे लागले असते. मग बोअर पाव मिलिमीटरने वाढवले, त्या मापाचे नवे पिस्टन आणले, रिंगा सिलिंडरमध्ये ठेवून त्यांच्या टोकांतली फट फिलर गेजने तपासली, क्रँकची बेअरिंगे बदलली. पैसे त्याने सुट्टीत एका वर्कशॉपमध्ये काम करून साठवलेले. हे दुलाभाईंना ठाऊक नव्हते.

"मग अडलंय कुठं?" आम्ही विचारले.

उस्ताद हसले. "चालू करून दाखीव की मामूस्नी."

इंजिन पहिल्याच फटक्याला सुरू झाले. आवाज गोड होता. पण रेडिएटरचे झाकण थंड असतानाच काढून ठेवले होते, त्यातून काही मिनिटांतच बुडबुडे येऊ लागले, मग पाणी उसळले, काटा लालीकडे सरकला. भाच्याने घाईने इंजिन बंद केले. दोन वेळा गॅस्केट बदलले, थर्मोस्टॅट बदलला, पाण्याचा पंप तपासला, पुन्हा तेच. सिलिंडरातला वायू पाण्यात घुसत होता, पण वाट कुठली ते सापडत नव्हते.

"गाडी पूर्वी कधी तापली होती काय रं?" उस्तादांनी विचारले. "हेड सरळ हाय का बघितलंस का?"

"नाना गाडी जपून चालवायचे," भाचा म्हणाला. "हेड स्वच्छ दिसत होतं, तसंच बसवलं."

उस्ताद काही बोलले नाहीत. आम्हाला मात्र आमचा वर्ग आठवला. गणिताच्या मधल्या पायऱ्या गाळून उत्तर लिहिणारी मुलेही असेच म्हणतात, बरोबर दिसत होते.

संध्याकाळी आपांच्या घरी कागदपत्रे शोधताना भाच्याने गाडीच्या कप्प्यातली एक वही आणून दिली. निळ्या पुठ्ठ्याची, कडा कुरतडलेल्या. "मामू, नानांचा हिशोब असेल. मला वाचता येत नाही." त्याचे सगळे शिक्षण इंग्रजी माध्यमात झाले. वही उर्दूत होती. अब्बांचे बारीक, उजवीकडे झुकलेले अक्षर. आम्ही दोघांनी वर्षानुवर्षे शेकडो मुलांना उर्दू शिकवली, पण घरातल्या या एका मुलाला शिकवायचे राहून गेले, हे त्या क्षणी फार बोचले.

आम्ही वाचत गेलो. पेट्रोल, तेल, किलोमीटर. आपांच्या लग्नाची खरेदी. दवाखाना. आणि २००३ सालच्या मे महिन्यात एक नोंद होती: करूळ घाट चढताना पाणी उकळले, रेडिएटरला पाना लागेपर्यंत काटा पाहिला नाही, चूक माझी. आठ दिवसांनी आणखी एक ओळ होती: गॅस्केट बदलले, आता सावकाश चालवायची, घाटात न्यायची नाही.

भाचा उठून उभा राहिला. "म्हणून नाना कधी गगनबावड्याला गाडीनं गेले नाहीत!"

दुसऱ्या दिवशी उस्तादांनी हेड उलटे ठेवून त्यावर पोलादी पट्टी आडवी धरली आणि खालून फिलर गेज सरकवला. ०.०५ मिलिमीटरपेक्षा जास्त फट चालत नाही. मधल्या सिलिंडरपाशी ०.१५ चे पाते आरपार गेले. ब्लॉक बिडाचा, हेड अॅल्युमिनियमचे. तापल्यावर अॅल्युमिनियम जास्त पसरते, बोल्टांनी आवळलेले असते, म्हणून वाकते. बाजारहाटाच्या संथ फेऱ्यांत ते निभावून गेले. जोर लावताच उघडे पडले.

हेड फेसिंगला गेले. परत आल्यावर भाच्याने बोल्ट मधून बाहेरच्या दिशेने, तीन टप्प्यांत, टॉर्क रेंचने आवळले. प्रत्येक टप्पा तो मोठ्याने म्हणत होता. या वेळी दुलाभाईही आले होते, दारातच उभे. इंजिन अर्धा तास चालले. रेडिएटरमधले पाणी शांत राहिले. दुलाभाईंनी उस्तादांना एवढेच विचारले, "पोरगा काम करतो का?" उस्ताद म्हणाले, "चुकतोय. पण चुकलेलं लपवत न्हाई."

रात्री सगळे बसलो. मिरजेच्या आणि पुण्याच्या भावंडांशी फोनवर बोललो. ठरले ते असे: गाडीचा भंगारभाव धरून इतर वारसांचे हिस्से भाचा दोन वर्षांत फेडेल. गाडी रस्त्यावर चालणार नाही. टेम्पोवर घालून मैदानात जाईल. ऑटोक्रॉसमध्ये गाड्या एकेक सुटतात, शर्यत घड्याळाशी असते. तरीही आत पोलादी पिंजरा, हेल्मेट आणि लायसन्स असल्याशिवाय चावी मिळणार नाही. आणि राहिलेले दोन विषय सुटल्याशिवाय पहिली शर्यत नाही. आपांची भीती गेली आहे असे आम्ही म्हणणार नाही. त्यांनी दुआ केली आणि चावी आपल्या कपाटात ठेवली.

निघायच्या दिवशी भाचा नवी वही घेऊन आला. अब्बांची वही आम्ही मोठ्याने वाचायची आणि त्याने ती मराठीत उतरवायची. मध्येच तो थांबवून विचारी, हा आकडा कसा काढतात, हे अक्षर पुढच्याला का जोडले नाही. स्टेशनला जायची वेळ झाली तेव्हा आम्ही १९९९ पर्यंत पोहोचलो होतो. पुढची वर्षे पुढच्या सुट्टीत, इन्शाअल्लाह.