उसने: दिले की घेतले?

नोकरीला लागून सहा महिने झाले असतील. परदेशातल्या क्लायंटला मी मेल टाकला, ‘प्लीज बॉरो अस वन टेस्टर फॉर टू वीक्स.’ दोनच शब्दांचं उत्तर आलं, ‘फ्रॉम हूम?’ मला काही कळेना. शेजारी बसणारा मित्र हसून म्हणाला, ‘अरे, लेंड!’

चूक माझीच, पण तिचं मूळ अळणावरचं. घरात मराठी, गल्लीत कन्नड. मराठीत उसने द्यायचे, उसने घ्यायचे. कन्नडमध्ये ‘कड कोडु’, ‘कड तगो’. दोन्हीकडे शब्द एकच. कोणाकडून कोणाकडे, ते देणं-घेणं सांगतं. इंग्रजीत ते क्रियापदातच असतं. लेंड म्हणजे देणं, बॉरो म्हणजे घेणं. म्हणून ‘लेंड मी अ पेन’ चालतं, ‘बॉरो मी अ पेन’ चालत नाही. बॉरोला ‘फ्रॉम’ लागतं: ‘आय बॉरोड अ पेन फ्रॉम हिम’. शिवाय लेंडचं भूतकाळात लेंट होतं. आमच्या वर्गात निम्मे जण ‘लेंडेड’ म्हणायचे.

एका बाबतीत मात्र आपण सरस. शेजारून आणलेली वाटीभर साखर उसनी, दुकानातून आणलेली उधार, बँकेचं ते कर्ज. इंग्रजीत साखरही बॉरो आणि घरासाठीचे पैसेही बॉरोच.

गेल्या वर्षी बाबा गेले. त्यांच्या हिशेबाच्या वहीत एक ओळ सापडली. शेजारच्या अप्पांचं नाव आणि पुढे ‘उसने ५०००’. बस्स. दिले की घेतले? इंग्रजीत लिहिलं असतं तर एका शब्दात कळलं असतं! आई म्हणाली, ‘घेतले असतील तर आपल्याकडे राहायला नकोत. विचारून ये.’ पण दिले असतील तर? मी वसुलीला आलोय असं अप्पांना वाटेल.

पाच हजार पाकिटात घालून गेलो. चहा झाला, पावसापाण्याचं बोलणं झालं, तरी विषय निघेना. शेवटी वहीच पुढे केली. अप्पांनी ती डोळ्यांजवळ धरली आणि बराच वेळ बाबांचं अक्षर बघत बसले.

‘हे पैसे तीनदा इकडून तिकडं गेलेत रे,’ ते म्हणाले. ‘आधी तुझ्या अक्काच्या फीला त्यानं घेतले, मग आमच्या बोअरला मी. शेवटी कुणाकडं राहिले, ते आता कुणाला विचारायचं?’

पाकीट त्यांनी घेतलं नाही. निघताना पाऊस आला, म्हणून छत्री दिली. ती अजून परत करायची राहिलीय.