आईचा दंड

2019 सालच्या दिवाळीआधी आठ दिवस आमची आई स्टुलावरून पडली. माळ्यावरचा अनारशांचा पितळी डबा काढायला ती चढली होती. डबा खरे तर मी काढून देणार होतो. "एवढे वर्तमानपत्र संपू दे" असे तिला तीनदा सांगितलेही होते. तेव्हा अपघाताचा धनी कोण, हे वाचकांना निराळे सांगायला नको.

उजव्या दंडाच्या हाडाचे मधोमध तीन तुकडे! वय 76, हृदय आधीच दुखावलेले. पट्टी बसवून स्क्रू मारायला सर्जन तयार. भूल देणारे डॉक्टर मात्र नकारार्थी मान हलवीत राहिले. अखेर आठवडाभर प्लास्टर, मग दंडाभोवती आवळायचे प्लास्टिकचे कवच, गळ्यात झोळी आणि रवानगी घरी.

मला ही शुद्ध चालढकल वाटली. खुर्चीचा मोडका हात खिळ्यावाचून जुळत नाही, मग हाड कसे जुळावे?

"खुर्चीत रक्त नसतं," सर्जन म्हणाले. हाड मोडते तिथे रक्त साकळते, त्या जागी आधी मऊ कूर्चा धरते, मग तिच्यात कॅल्शियम भरून ती टणक होते. कवचाआड स्नायू आवळले गेले की तुकडे रांगेत येतात. जराशी हालचाल तर या गाठीला पोषकच! सार्मिएंतो नावाच्या सर्जनांनी 1977 साली ही रीत मांडली. 2000 साली त्यांनी 620 रुग्णांचा हिशेब दिला. कातडी न फाटता मोडलेली हाडे न जुळण्याचे प्रमाण त्यात शंभरात दोनहूनही कमी होते. आणि त्या दोनांत आमची आई निघाली तर? हे मात्र मी विचारले नाही.

आई आरामखुर्चीत बसूनच झोपे. मी शेजारी सतरंजीवर. मध्यरात्री ती हळूच म्हणे, "आत करकरतंय रे." मग मला झोप कसली!

तिसऱ्या आठवड्यात एका पहाटे तिनेच मला हलवून उठवले. "आज वाजत नाही."

सहाव्या आठवड्यातल्या एक्स-रेत तुकड्यांभोवती पांढुरका ढग दिसला. दंड किंचित वाकडा जुळला, पण खांदा एवढे सांभाळून घेतो म्हणे. संक्रांतीच्या सुमारास कवच निघाले.

तिने उजव्या हाताने माझ्या हातावर तिळगूळ ठेवला. स्टूल शेजाऱ्यांना देऊन टाकल्याचे मी तिला तेव्हाच सांगितले.

"अगंबाई! मग डबा कशावर चढून काढू?"