कागद अडतो कुठं?

मुलांनो, घरातलं एखादं यंत्र अडून बसलं की आपण काय करतो? आधी त्याला एक चापट मारतो. मग बटण बंद करून पुन्हा चालू करतो. तेवढ्यानं भागलं नाही, तर "जुनं झालंय, टाकून द्या" म्हणून मोकळे होतो. आज मी तुम्हांला अशाच एका अडेलतट्टू यंत्राविषयी सांगणार आहे. ते म्हणजे आमच्या अभ्यासिकेतला जुना लेझर प्रिंटर.

कोल्हापुरात आमच्या पेठेत ही छोटीशी अभ्यासिका आहे. ज्यांच्या घरी एकाच खोलीत सगळा संसार, अशी मुलं संध्याकाळी तिथं अभ्यासाला येतात. दहावीच्या मुलांना सराव प्रश्नपत्रिका लागतात. त्या बाहेरून छापून आणायच्या तर प्रत्येक पानाचे पैसे मोजावे लागतात, आणि मुलांकडून पैसे घ्यायचे नाहीत हा आमचा नियम. म्हणून देणगीत मिळालेल्या या प्रिंटरचा आम्हांला मोठा आधार. पण आषाढ लागला आणि तो दहा-बारा पानं झाली की कागद गिळून बसायला लागला! नवा घ्यायचा तर पुस्तकांसाठी जमवलेले पैसे त्यातच संपणार. चौकशी केली त्या दुकानात सल्ला मिळाला, "दुरुस्तीच्या नादाला लागू नका."

पण कोल्हापूरचा माणूस दुरुस्तीच्या नादाला लागणार नाही, असं होईल का? अहो, याच गावात बाबूराव पेंटरांनी चित्रपटाचा कॅमेरा स्वतः बनवला आणि १९२० साली त्यांचा 'सैरंध्री' पडद्यावर आला. मी सरळ शिवाजी उद्यमनगर गाठलं. तिथं माझ्या ओळखीचे एक म्हातारे मेस्त्री आहेत. त्यांनी प्रिंटर कधी उघडलेला नव्हता, पण यंत्र म्हटलं की त्यांचे डोळे चमकतात. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "यंत्र खोटं बोलत न्हाई बघा. नुसतं 'कागद अडकतोय' म्हणू नगा. कुठं अडकतोय, कवा अडकतोय, त्ये लिवून आणा. मग बोलू."

झालं! दुसऱ्या दिवसापासून प्रिंटरशेजारी एक वही ठेवली. कागद अडला की तारीख, वेळ, बाहेर पाऊस आहे का आणि कागद नेमका कुठं सापडला, हे सगळं मुलांनीच लिहायचं.

वहीत काय निघालं ते सांगतो, पण त्याआधी प्रिंटरच्या पोटात काय चालतं ते पाहू या. तुम्ही केसांवर कंगवा घासून त्याला कागदाचे कपटे चिकटवले आहेत ना? तीच गंमत इथं आहे. आत एक गुळगुळीत नळकांडं असतं, त्याला ड्रम म्हणतात. त्याच्यावर विजेचा भार असतो. लेझरचा किरण त्यावर अक्षरं 'लिहितो', म्हणजे तिथला भार बदलतो. मग टोनरची बारीक भुकटी नेमकी त्या अक्षरांना चिकटते, तिथून ती कागदावर उतरते आणि शेवटी तापलेल्या रुळाखाली वितळून पक्की बसते. या रुळाचं तापमान २०० अंश सेल्सिअसच्या आसपास जातं!

विजेच्या भारानं भुकटी चिकटवायची ही युक्ती चेस्टर कार्लसन यांची. २२ ऑक्टोबर १९३८ रोजी न्यूयॉर्कमधल्या ॲस्टोरिया भागात त्यांनी तिची पहिली प्रतिमा उमटवली. झेरॉक्सचं यंत्र त्यातूनच आलं. पुढं गॅरी स्टार्कवेदर या इंजिनिअरनं तिला लेझरची जोड दिली आणि १९७१ च्या सुमारास लेझर प्रिंटर तयार झाला.

म्हणजे एक साधा कागद ट्रेमधून निघून किती ठिकाणांहून प्रवास करतो पाहा. वाटेत त्याच्यावर पहाराही असतो बरं का! ठिकठिकाणी प्लास्टिकची छोटी पट्टी असते. कागद आला की ती कलते, गेला की परत उभी राहते. ठरल्या वेळी कागद पोचला नाही किंवा पुढं सरकला नाही, की यंत्र लगेच थांबतं.

आता वही उघडू. आठ दिवसांत दोन पानं भरली होती आणि ती वाचताच लक्षात आलं की आमचा आजार एक नव्हता, तीन होते!

काही वेळा कागद ट्रेच्या तोंडाशीच अडत होता. कधी उचललाच जायचा नाही, कधी दोन एकदम जायचे. कागद उचलतो तो रबरी रूळ. वर्षानुवर्षं घासून तो गुळगुळीत झाला होता. सायकलचा टायर झिजला की पावसात घसरतो ना, तसंच. एका वेळी एकच कागद पुढं सोडणारी पट्टीही झिजली होती. रूळ ओलसर फडक्यानं पुसला तेव्हा दोन दिवस बरं चाललं, पण मग पुन्हा तेच. शेवटी रूळ आणि पट्टी दोन्ही नवीन बसवली. नव्या प्रिंटरच्या मानानं हा खर्च किरकोळच.

काही कागद मात्र मागच्या बाजूला, गरम रुळापाशी सापडायचे, तेही पंख्यासारख्या चुण्या पडलेले. वहीत त्या प्रत्येक नोंदीपुढं एकच शब्द होता, 'पाऊस'. कागद बनतो लाकडाच्या तंतूंपासून, आणि हे तंतू हवेतला ओलावा पितात. उघड्या गठ्ठ्याच्या कडा आधी फुगतात, कागद लाटेसारखा होतो आणि एकमेकांना चिकटतो. तो तापलेल्या रुळाखाली गेला की ओलावा वाफ होऊन निघतो, कागद वळतो आणि त्याचं टोक वाट चुकतं. यावर उपाय सुचवला एका मुलाच्या आईनं. "पापड-कुरडया पावसाळ्यात आपण कशात ठेवतो?" झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात! आता आमचे कागदही डब्यातच राहतात. लागतील तेवढेच काढायचे, पत्त्यांसारखे फुलवून मोकळे करायचे आणि ट्रेमध्ये ठेवायचे.

तिसरा आजार मात्र चक्रावून टाकणारा होता. कधीकधी आत कागदच नसायचा, तरी यंत्र म्हणायचं, "कागद अडकलाय." मोठी माणसं म्हणाली, डोकं फिरलंय त्याचं. पण आठवीतल्या एका मुलीला मेस्त्रींचं वाक्य पाठ होतं. ती म्हणाली, "यंत्र खोटं बोलत नाही. काहीतरी असणारच." प्रिंटर बंद केला, वायर काढली, निवायला तासभर ठेवला. मग तिनं बॅटरीचा झोत आत टाकला आणि एका पट्टीखाली तिला नखाएवढा कागदाचा कपटा दिसला! कुणीतरी कधीतरी अडलेला कागद घाईनं ओढला असणार, त्याचाच हा तुकडा. त्याच्यामुळं पट्टी कललेलीच राहायची आणि यंत्राला वाटायचं की कागद आतच आहे.

तुमच्या घरी किंवा शाळेत प्रिंटर असेल तर एवढं लक्षात ठेवा. मोठ्या माणसाला सोबत घेतल्याशिवाय तो उघडायचा नाही. वीज तोडून तो पुरता निवू द्यायचा. कागद दोन्ही हातांनी, सावकाश, तो ज्या दिशेनं जात होता त्याच दिशेनं काढायचा आणि काढल्यावर चारी कोपरे मोजायचे. एक जरी कमी भरला, तर तो आतच आहे समजा. ड्रमला बोट लावायचं नाही, त्याला उजेडातही ठेवायचं नाही. टोनर हाताला लागला तर गार पाण्यानं धुवायचा.

सराव परीक्षेच्या आदल्या संध्याकाळी आमच्या प्रिंटरनं सगळ्या प्रश्नपत्रिका एका दमात छापून दिल्या. पुस्तकांचे पैसे पुस्तकांनाच राहिले.

ती वही अजून चालू आहे. हल्ली तिच्यात मुलं वेगळ्याच नोंदी करतात. एकानं लिहिलंय, "गणित : उत्तर चुकतं. कुठं? वजाबाकीत हातचा घेताना." पाहिलंत ना? 'मला गणित येत नाही' असं त्यानं लिहिलेलं नाही! तुमचंही कुठं अडत असेल, तर आधी नेमकं कुठं ते शोधा. बहुतेक वेळा तिथं नखाएवढा कपटाच सापडेल.