हजार शिडांचे गाव : कामोली

इटलीच्या वायव्य किनाऱ्यावर लिगुरिया नावाचा चिंचोळा प्रांत आहे. पाठीशी डोंगर आणि पुढ्यात भूमध्य समुद्र, त्यामुळे शेतीला जमीन थोडी. साहजिकच येथील माणसाने समुद्रालाच आपली पेठ मानले. जिनोआ हे या प्रांताचे मुख्य शहर व युरोपातील जुने व्यापारी बंदर. तेथून पूर्वेकडे जाणारी साधी आगगाडी सुमारे पाऊण तासात कामोली या छोट्या गावी पोहोचते.

जूनच्या अखेरीस, चातुर्मास लागण्यापूर्वी, महाराष्ट्रातील चार मित्र सपत्नीक या गावी एका दिवसासाठी आले. चौघेही व्यापारी, चौघांचीही साठी उलटलेली. त्यांपैकी एकाने वडिलोपार्जित भुसार मालाची पेढी नुकतीच बंद केली होती. प्रवासात तो विषय कोणी काढत नव्हते.

स्थानकावरून पायऱ्या उतरल्या की किनारा लागतो. वाळू नाही, करड्या गोट्यांची पुळण आहे. तिच्या काठाशी सहा-सात मजली उंच घरे खांद्याला खांदा लावून उभी आहेत; कोणी गेरूच्या रंगाचे, कोणी पिवळे, कोणी गुलाबी. निरखून पाहिले तर त्यांवरील अनेक खिडक्या, कोनाडे आणि नक्षी केवळ रंगवलेली आहे. खरी खिडकी कोणती आणि चित्रातली कोणती, हे ओळखण्यात मंडळींची सकाळ मजेत गेली. परतणाऱ्या खलाशाला समुद्रावरूनच आपले घर ओळखता यावे म्हणून हे रंग, असे लोक सांगतात. गावाच्या नावाचा अर्थही ‘बायकांची घरे’ असा लावला जातो. व्युत्पत्ती खरी असो वा नसो, पुरुष वर्षानुवर्षे समुद्रावर आणि घरचा कारभार स्त्रियांच्या हाती, हे चित्र मात्र खरे होते.

जेवणाचा प्रश्न सहज सुटला. बंदरावरील भोजनगृहांत मासळीचाच थाट असल्याने मंडळींनी बेकरी गाठली. येथील फारिनाता म्हणजे हरभऱ्याचे पीठ, पाणी, मीठ आणि ऑलिव्ह तेल एकत्र करून तांब्याच्या मोठ्या परातीत भट्टीत भाजलेला पदार्थ. आपल्या बेसनाच्या धिरड्याचा दूरचा भाऊच. पेस्टो या प्रसिद्ध हिरव्या चटणीत लसूण असतो आणि परमेसान चीज वासराच्या जठरातील रेनेटने विरजतात. त्यामुळे या दोन्हींबाबत आपल्या प्रवाशाने सावध असावे.

दुपारी ऊन तापल्यावर मंडळी नौकासंग्रहालयात गेली. जहाजांच्या प्रतिकृती आणि चित्रे पाहताना या गावाची खरी ओळख पटते. एकोणिसाव्या शतकात कामोलीला ‘हजार शुभ्र शिडांचे गाव’ म्हणत. एवढ्याशा गावाकडे एवढी जहाजे आली कोठून? जहाजाच्या मालकीचे 24 भाग करण्याची इटलीत रीत होती. प्रत्येक भागाला सोन्याच्या कसासारखेच ‘कॅरेट’ म्हणत. ज्याला जहाज परवडत नसे, तो एखादा भाग घेई. 1853 साली येथील जहाजमालकांनी परस्पर सागरी विम्याची संस्था स्थापन केली. तत्त्व साधे होते : सर्वांनी वर्गणी भरायची आणि एकाचे जहाज बुडाले तर तोटा सर्वांनी वाटून घ्यायचा. त्याच सुमारास क्रिमियाचे युद्ध सुरू झाले, मालवाहतुकीची मागणी वाढली आणि गाव भरभराटीला आले.

पुढे काळ फिरला. 1869 मध्ये सुएझ कालवा खुला झाला. तांबड्या समुद्रातील वारे शिडांना अनुकूल नव्हते. कालव्याचा लाभ वाफेच्या जहाजांना झाला. लोखंडी आगबोटीला लागणारे भांडवल गावाच्या वर्गणीच्या आवाक्याबाहेरचे होते. शतक सरता सरता शिडे उतरली.

बाहेर आल्यावर पेढी बंद केलेले गृहस्थ धक्क्यावरील बाकावर बराच वेळ बसून राहिले. मग म्हणाले, “यांचीही पेढी शेवटी बुडालीच.”

शाळेपासूनचा मित्र शेजारी बसला. “बुडाली नाही, उतरवून ठेवली. तूही कोणाचे देणे बाकी ठेवले नाहीस. शीड आणि पत यांत फरक असतो.”

त्यावर कोणी काही बोलले नाही. पण त्या दिवसात प्रथमच ते गृहस्थ आपल्या दुकानाच्या जुन्या गोष्टी आपणहून सांगू लागले.

गावाच्या वरच्या अंगाला बोस्केत्तोचे देवालय आहे. वादळातून वाचलेल्या खलाशांनी कृतज्ञतेने अर्पण केलेली जहाजांची चित्रे तेथे आहेत. सायंकाळी मंडळी तेथे शांतपणे उभी राहिली. श्रद्धेचे रूप वेगळे, पण संकटातून तरलेल्या माणसाची नम्रता ओळखीची होती. जूनमध्ये येथे सूर्य रात्री नऊनंतर मावळतो. त्यामुळे चौविहार सांभाळूनही घाईचा प्रश्न आला नाही.

ऑगस्टच्या पहिल्या रविवारी या गावात समुद्रतारा माउलीचा उत्सव होतो. सकाळी होड्यांची मिरवणूक निघते आणि अंधार पडल्यावर गावकरी हजारो लहान दिवे पाण्यावर सोडतात. ज्या समुद्रात पूर्वजांची जहाजे गेली, त्याच समुद्रात आज त्यांची नातवंडे-पतवंडे दिवे सोडतात. व्यापाराचे वाहन बदलते, कधी हातातून निसटतेही. एकमेकांचा तोटा वाटून घेण्याची सवय मात्र ज्या समाजाने जपली, त्याच्या वहीत शेवटी काहीतरी जमा राहतेच.